मामांचं चांदीचं पाणी

धुळ्याच्या मामांनी चांदीचं पाणी करायला घेतलं ते 2021 साली, कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर. गल्लीतली माणसं गेली होती, इंजेक्शनासाठी गावभर वणवण झाली होती. घरात आपल्या हातचं काहीतरी औषध असावं, ही त्यांची तळमळ मला कळत होती.

जळगावच्या सराफ बाजारातून मागवलेली चोख चांदीची तार, 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीला एक जोडून 27 व्होल्ट, आणि काचेच्या ग्लासात इन्व्हर्टरमध्ये घालतात ते पाणी. थोड्या वेळानं तारेपासून धुरकट रेघ खाली उतरायची. मामा ग्लासावर टॉर्च मारून पाण्यातला उजेडाचा पट्टा दाखवायचे. "पी पोरी, काही व्हस नही."

एकदा इन्व्हर्टरचं पाणी संपलं म्हणून त्यांनी बोअरचं घेतलं. ग्लास दुधाळ झाला आणि खिडकीत उन्हाला राहिला तसा करडा पडत गेला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यातल्या क्षारांशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड झालं होतं, ते उजेडानं काळवंडलं. जुने फोटो याच गुणावर निघत.

"मामा, पोटात गेलेली चांदी कातडीत साठते आणि उजेडानं अशीच काळवंडते," मी म्हटलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स नावाचे राजकारणी 1999 पासून घरी केलेलं असंच पाणी पीत होते. त्यांची कातडी निळसर करडी झाली. हा रंग सहसा जात नाही. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं अशी चांदी कुठल्याही आजारावर सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही, असा नियम केला.

"मग भाजल्यावर डॉक्टर चांदीचंच मलम देतात ना?" मामांचा प्रश्न रास्त होता. देतात; पण ते जखमेवर, मोजून, काही दिवसांपुरतं. रोज पोटात घ्यायला नाही.

मला खरी काळजी मामींची होती. त्या थायरॉइडची गोळी घेतात आणि सकाळी त्याच सुमाराला हे पाणीही पीत होत्या. चांदीमुळे ती गोळी अंगी कमी लागू शकते, काही अँटिबायोटिकांचंही तसंच. हे ऐकल्यावर मामींनी त्याच दिवशी पाणी बंद केलं. मामांनी सोडलं ते दिवाळीनंतर, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर.