झाड नव्हे, वावर पाहा

"दादा, सगळ्यात भारी बिल्ड कोणता?" सुट्टीत तेलंगणातल्या माझ्या गावी, भीमपूरला गेलो की गावातली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांच्या हातात फोन असतो आणि बहुतेकांच्या फोनवर फ्री फायर मॅक्स. त्या खेळात एका पात्राचं सक्रिय कौशल्य आणि त्याला जोडलेली तीन निष्क्रिय कौशल्यं अशी मोट बांधावी लागते. कोणती चार घ्यायची यावरून पारावर वाद रंगतात. मी हैदराबादेत गेम डिझायनर आहे. चित्रं, संगीत, कथा हे माझ्याकडे नसतं. खेळाच्या आतला हिशेब माझ्याकडे असतो. कोणता वार किती लागेल, कोणतं कौशल्य कोणत्या पातळीला उघडेल, काय मिळवण्यासाठी काय सोडावं लागेल, हे मी ठरवतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट मांडून देणं मला माझं कर्तव्य वाटतं.

ज्यांनी असे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ॲक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एक पात्र घेऊन निघतो. लढाया जिंकल्या की अनुभव साठतो, पातळी वाढते आणि प्रत्येक पातळीला थोडे पॉइंट हाती येतात. ते ताकदीत टाकायचे की चपळाईत, आगीच्या मंत्रात की ढालीत, हे खेळाडूनं ठरवायचं. या सगळ्या निवडींतून पात्राची जी घडण तयार होते तिला बिल्ड म्हणतात. कौशल्यं एकमेकांना जोडून फांद्यांसारखी मांडलेली असतात, तो स्किल ट्री.

आकड्यांनी पात्र घडवण्याची ही रीत कागदावर सुरू झाली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापलं, आणि ताकद, बुद्धी, चपळाई यांना पहिल्यांदा अंक मिळाले. १९९६च्या अखेरीस आलेल्या 'डायाब्लो'नं ते अंक धावत्या लढाईत आणले. पण त्यात स्किल ट्री नव्हता. मंत्र सापडलेल्या पुस्तकांतून शिकायचे. झाड आलं ते २००० सालच्या 'डायाब्लो २'मध्ये. प्रत्येक पात्राला तीन शाखांत मिळून ३० कौशल्यं आणि प्रत्येक कौशल्यात जास्तीत जास्त २० पॉइंट, म्हणजे झाडाची एकूण भूक ६०० पॉइंटांची. हाती येणारे पॉइंट मात्र ११०: ९९व्या पातळीपर्यंत ९८ आणि मोहिमांतून १२. तेही पूर्ण मिळवणारे खेळाडू फार थोडे. झाडाचा पाचवा हिस्सासुद्धा कुणाच्या पदरात पडत नाही. उरलेलं सोडावंच लागतं, आणि काय सोडलं यावरूनच दोन खेळाडूंच्या पात्रांत फरक पडतो.

इथवर आलं की बहुतेक लोक झाडाकडे पाहू लागतात. कोणती फांदी बळकट, कोणत्या कौशल्यात आकडा मोठा, याची तुलना सुरू होते. माझं म्हणणं असं की झाड पाहून बिल्डची किंमत कळत नाही. ती समोरचं जग काय प्रश्न विचारतं यावर ठरते.

'डायाब्लो २'मधली मांत्रिक स्त्री, सॉर्सरेस, घ्या. तिच्या तीन शाखा आगीच्या, विजेच्या आणि थंडीच्या. नुसती झाडाची बेरीज केली तर सगळे पॉइंट एकाच शाखेत ओतणं फायद्याचं दिसतं. पण 'हेल' नावाच्या सर्वांत कठीण पातळीवर अनेक राक्षसांचा एखाद्या शक्तीविरुद्धचा प्रतिकार १०० टक्के किंवा त्याहून जास्त असतो. त्यांच्यावर ती शक्ती शून्य चालते. फक्त आग घेतलेली मांत्रिक अशा राक्षसासमोर हात बांधून उभी राहते. म्हणून अनेक खेळाडूंनी आगीचा 'मिटिअर' आणि थंडीचा 'फ्रोझन ऑर्ब' असे दोन मंत्र मिळवून बिल्ड बांधला. दोन्ही अर्धवट, पण कुठे अडायचं नाही.

आमच्या भीमपूरच्या काळ्या कोरडवाहू जमिनीत शेतकरी हेच करतो. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि दोन्ही काठांवर कपाशीत तुरीच्या ओळी. पाण्याची खात्री असती, भाव ठरलेला असता, तर वावर भरून कापूसच पेरला असता. तशी खात्री नाही. बोंडं भरायच्या वेळी पाऊस दडी मारतो, नाहीतर वेचणीच्या दिवसांत कोसळतो. तुरीची मुळं खोल जातात आणि तिची काढणी उशिरा येते. एक पीक मार खातं तेव्हा दुसरं उभं असतं. कापूस भारी की तूर भारी, हे पाऊस आणि बाजार बाजूला ठेवून कुणी विचारत नाही. बिल्डचंही तसंच. जग एकाच तऱ्हेचा प्रश्न विचारत असेल तर एकाच कौशल्यात सगळं ओतावं. ते प्रश्न बदलत असेल तर पॉइंट वाटून ठेवावेत.

आता 'डायाब्लो २'च्या निर्मात्यांनी २००३ साली आणलेली १.१० ही सुधारणा पाहा. त्याआधी खालच्या पातळीची कौशल्यं लवकर निरुपयोगी व्हायची, म्हणून खेळाडू पॉइंट न वापरता साठवून ठेवत आणि वरची कौशल्यं उघडली की तिथे ओतत. त्यावर उपाय म्हणून 'सिनर्जी' आली. लहान मंत्रात टाकलेला पॉइंट त्याच शाखेतल्या मोठ्या मंत्राची ताकद वाढवू लागला. त्यामुळे एकाच शाखेत साठ-ऐंशी पॉइंट टाकण्याची ओढ वाढली. आणि याच सुधारणेत विशिष्ट शक्ती न लागणारे राक्षसही वाढवले. झाड म्हणू लागलं, एकच धर. जग म्हणू लागलं, दोन ठेव. या ओढाताणीमुळे तो खेळ पुढे अनेक वर्षं खेळण्यासारखा राहिला, असं मी मानतो. निवडीला धार यायची तर दोन्ही बाजूंनी खरं ओझं हवं.

हे ओझं आकड्यांत कसं बसवतात, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक खेळाडूला ठाऊक असाव्यात.

पहिली, बेरीज आणि गुणाकार यांतला फरक. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सनं २०१३ साली आणलेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये काही गुण ताकद बेरजेनं वाढवतात, काही गुणाकारानं. मूळ वार १०० धरा. बेरजेचे ५० टक्के तीनदा मिळाले तर तो २५० होतो. गुणाकाराचे ५० टक्के तीनदा मिळाले तर साडेतीनशेच्या जवळ, ३३७.५ पर्यंत जातो. दोन्हीकडे पाटी '५० टक्के'चीच, पण हाती पडणारं वेगळं.

दुसरी, उंबरठे. 'डायाब्लो २'चं चित्र सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीनं चालतं. सॉर्सरेसचे बहुतेक मंत्र जलद करणारा गुण ६३ टक्क्यांवर पोचला की मंत्राला ९ फ्रेम लागतात. १०४ टक्क्यांवरही ९च. १०५ झाले की ८. मधले ४१ टक्के वाया. ज्याला हे कळतं तो मधे थांबत नाही. एकतर ६३वर थांबतो किंवा थेट १०५ गाठतो.

तिसरी, शेवटच्या पॉइंटची किंमत. 'एल्डन रिंग'मध्ये व्हिगर हा गुण ४०वरून ६०वर नेला की जीवनशक्ती १४५०वरून १९०० होते, म्हणजे प्रत्येक पॉइंटला साधारण साडेबावीस. ६०वरून ९९पर्यंत नेला तर ती २१००वरच थांबते, पॉइंटमागे जेमतेम पाच. इथे उशिराच्या पॉइंटची किंमत कमी. प्रतिकारात याच्या उलट घडतं. प्रतिकार शून्यावरून एक टक्क्यावर नेला तर मार एक टक्क्यानं घटतो. ७४वरून ७५वर नेला तर मार २६वरून २५वर येतो, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी घटतो. 'डायाब्लो २'च्या 'हेल'मध्ये सगळे प्रतिकार १००नं खाली ओढले जातात. काहीच तयारी नसलेल्याला दुप्पट मार बसतो, आणि ७५ टक्के गाठणाऱ्याला पाव. एकाच राक्षसाचा एकच वार, फरक आठपट. पोरांना वाटतं आपण नेम चुकलो म्हणून मेलो. खरं तर ती हिशेबात मेलेली असतात.

घेतलेली निवड फिरवता यावी का, हा आमच्या क्षेत्रातला जुना वाद. 'डायाब्लो २'मध्ये २०१०पर्यंत टाकलेला पॉइंट परत मिळत नसे. निवड चुकली तर पात्र पहिल्यापासून उभारायचं. २०१२ सालचा 'डायाब्लो ३' दुसऱ्या टोकाला गेला: पॉइंटच काढून टाकले, कौशल्य वाटेल तेव्हा बदला. 'पाथ ऑफ एक्झाइल'नं मधली वाट घेतली. झाडावर घेतलेली एक एक गाठ सोडवता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. त्याच झाडावर 'केऑस इनॉक्युलेशन' नावाची एक गाठ आहे. ती घेतली की केऑसचा मार अजिबात लागत नाही, मात्र जीवनशक्ती कायम १ उरते. अशी निवड फुकट फिरवता आली तर तिच्यात जीव उरणार नाही. माझा कौल मधल्या वाटेला आहे. शिकणाऱ्याला चुकायची मुभा हवी, आणि चुकीला किंमतही हवी.

आपल्याकडच्या दोन खेळांनी याची दोन उत्तरं दिली. आमच्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, ओगर हेड स्टुडिओनं २०१७ साली 'असुर' आणला. त्यात दर नव्या डावाला स्किल ट्री नव्यानं मांडला जातो. इंटरनेटवरून उतरवलेला तयार बिल्ड तिथे चालत नाही; समोर आलेल्या फांद्या पाहून त्याच क्षणी विचार करावा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२०चा, त्याच वर्षी तो द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनात होता. त्यात शस्त्रांच्या दैवी शक्तींत घातलेले पॉइंट वाटेल तेव्हा काढून दुसरीकडे घालता येतात. छोट्या, कथेवर चालणाऱ्या खेळाला ते शोभतं. खेळाडूनं सगळी शस्त्रं हाताळून पाहावीत ही त्याची इच्छा. 'असुर' खेळाडूला तत्काळ निर्णयाची सवय लावतो, 'राजी' निर्धास्तपणे प्रयोग करू देतो. दोघांनी आपापल्या जगाला साजेशी मुभा निवडली.

एका उत्तराला मात्र माझा ठाम विरोध आहे: ताकद पैशानं विकणं. २०२२च्या 'डायाब्लो इम्मॉर्टल'मध्ये दुर्मीळ रत्नं मिळण्याची शक्यता पैसे देऊन वाढवता येत होती. नशिबाच्या पेट्यांवरच्या कायद्यांमुळे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो आलाच नाही. पैसे टाकून सगळंच घेता आलं की काही सोडायचं कारण राहत नाही, आणि सोडायचं काही नसेल तर निवडही नसते. गावातल्या ज्या पोराकडे रिचार्जपुरते पैसे असतात, त्याच्या डोक्याला त्या खेळात जागा नाही. मी ज्या खेळावर काम करेन त्यात ताकद विकू देणार नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

नवीन डिझायनर माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा ते सुंदर स्किल ट्री काढून आणतात. मी त्यांना झाड बाजूला ठेवायला सांगतो. आधी शत्रूंची यादी करा. प्रत्येक शत्रूपुढे लिहा की तो खेळाडूला काय विचारतो: वेग आहे का, लांबून मारता येतं का, मार सोसता येतो का, विषाला उत्तर आहे का. मग पाहा, कोणत्या प्रश्नाला झाडावर एकही उत्तर नाही, आणि कोणती फांदी कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. पहिली चूक खेळाडूला अडकवते, दुसरी त्याचे पॉइंट खाते. शेवटी प्रत्येक कौशल्याच्या पाटीवर खरा हिशेब लिहा: बेरीज की गुणाकार, उंबरठा कुठे, मर्यादा किती. आणि तो तेलुगूत, मराठीत, हिंदीत लिहा. भीमपूरच्या पोराचं डोकं पुण्या-हैदराबादच्या पोरापेक्षा कमी चालत नाही. त्याला आकडे त्याच्या भाषेत दिसले, तर सगळ्यात भारी बिल्ड कोणता हे तो कुणाला विचारणार नाही. अमुक शत्रूसमोर आपला बिल्ड का टिकला, हे तोच दुसऱ्याला समजावून सांगेल.