काय चालवणार?

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे, त्यांत आमच्या डोंबिवलीच्या घराचं वायरिंग सांभाळणारे वायरमन काका फार वर येतात. ना नात्याचे, ना शेजारचे. घरात दोन प्लग पॉइंट वाढवायचे होते, एवढंच निमित्त.

पहिला स्वयंपाकघरात, इंडक्शन शेगडीसाठी. "दिव्याच्या बोर्डातून लूप मारून द्या ना," मी म्हणाले. काकांनी बोर्डाला हातही लावला नाही. "ताई, त्यावर काय चालवणार ते आधी सांगा." शेगडीवर 2000 वॅट लिहिलं होतं. त्यांनी तोंडी भागाकार केला. 230 व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर. बोर्डात दीड एमएमची वायर आणि मागे 6 अँपिअरचा एमसीबी.

"एमसीबी पडत राहील. मग कुणीतरी शहाणा तिथे 16चा बसवेल. पडायचं थांबेल, पण भिंतीतली वायर तापेल. एमसीबी वायरीच्या राखणीला असतो, ताई." तासाभराच्या कामाचे पैसे सहज मिळत होते, ते त्यांनी सोडले. पुढच्या आठवड्यात मेन बोर्डापासून शेगडीसाठी वेगळी लाइन ओढली.

दुसरा पॉइंट बाबांच्या पलंगाजवळ, नेब्युलायझरसाठी. त्याला मात्र काकांनी लगेच होकार दिला. लोड किरकोळ आणि शेजारच्या 6 अँपिअरच्या सॉकेटची लाइन मोकळी. मी टॉर्च धरून उभी होते. त्यांनी टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून पाहिला, मग मेन बंद केला आणि पुन्हा सॉकेटला लावला. टेस्टर पेटलाच! ती खोली इन्व्हर्टरवर होती. इन्व्हर्टर बंद केला, तरी होल्डरच्या बल्बने खात्री करून मगच पेचकस हातात घेतला.

बाजूच्याच बोर्डात दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल होता, वायर वाचली असती. काकांनी तो घेतला नाही. "फेज ज्या सर्किटचा, न्यूट्रलही त्याचाच. नाहीतर उद्या कुणी ते सर्किट बंद करून न्यूट्रल सोडवेल आणि झटका खाईल." जोड बोर्डातच दिला, भिंतीत नाही. समोरून पाहताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थिंग वर. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहिली, कारण ढिल्या जोडावरच ठिणगी पडते. शेवटी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं. तो खटकन पडला, तेव्हा कुठे त्यांनी पेटी आवरली.

बाबांचं आजारपण लांबलं. रात्री-अपरात्री नेब्युलायझर लावताना त्या सॉकेटचा विचार एकदाही मनात आला नाही. त्या निर्धास्तपणाची किंमत बिलात नव्हतीच.

काका आता काम करत नाहीत. मजुरी त्याच दिवशी चुकती केली होती, बाकीचं देणं मी त्यांच्याच प्रश्नाने फेडते. कुणी 'एक पॉइंट वाढवायचाय' म्हणालं, की आधी विचारते, "काय चालवणार?" आणि मग परवान्याचा वायरमन बोलवायला लावते.