अखेरची शिल्लक

सरकारी नोकरीत काही कागद असे असतात, की जे आपण शेकडो वेळा हाताळतो, त्यांवर सह्या करतो आणि तरीही एकदाही वाचत नाही. नगरपालिकेचा मासिक गोषवारा हा त्यांपैकी एक. एका बाजूला महिन्याची जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, तळाशी अखेरची शिल्लक आणि सोबत प्रत्येक विभागाच्या कामाचे एकेक पान. हा कागद वाचायला मी कसा शिकलो, त्याची ही हकीकत आहे. ती मला फारशी भूषणावह नाही, हे आधीच सांगून टाकतो.

साल २००३. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर स्थानिक संस्थांच्या हिशेबांकडे केंद्रीय लेखापरीक्षा यंत्रणेने अधिक लक्ष द्यावे, असे ठरले होते. त्या ओघात मी मध्य प्रदेशात, माळव्यातील एका लहान शहराच्या नगरपालिकेत चाचणी तपासणीसाठी जाऊन पोहोचलो. अर्थशास्त्रातील एम.ए.ची पदवी होती, वय तिशीच्या आसपास होते आणि आकडे खोटे बोलत नाहीत अशी श्रद्धा होती.

जून महिना होता. मे महिन्याची विभागवार पाने माझ्यासमोर आली. जलप्रदाय शाखेने किती हातपंप दुरुस्त केले, किती मोटारी जळाल्या. विद्युत शाखेने किती ट्यूबलाइट बदलल्या. स्वास्थ्य शाखेने कचऱ्याच्या किती ट्रॉल्या गावाबाहेर नेल्या. किती जन्म आणि किती मृत्यू नोंदले गेले. कोंडवाड्यात किती जनावरे आली. राजस्व शाखेच्या पानावर संपत्ती कर, समेकित कर, जलकर, दुकानांची भाडी आणि आठवडी बाजाराची बैठकी. या सगळ्या बाबी एकत्र केल्या तरी पालिकेचा अर्धा महिनाही निघाला नसता. बाकीचा भार होता ‘चुंगी क्षतिपूर्ती’वर.

हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित असेल. चुंगी म्हणजे जकात. मध्य प्रदेशाने ती १९७६ मध्येच रद्द केली आणि बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य शासन पालिकांना दरमहा अनुदान देऊ लागले. आपल्याकडे नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि मुंबईची तर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा. जकातनाक्यावरचा त्रास आणि भ्रष्टाचार गेला, हे चांगलेच झाले. पण नाक्यावर रोज येणारा पैसा गेला आणि त्याच्या जागी राजधानीतून येणाऱ्या रकमेची वाट पाहणे आले. त्यातूनही विजेची थकबाकी परस्पर कापून घेतली जाई. उरलेली रक्कम हाती पडेपर्यंत पालिकेचा लेखापाल महिना सुरू झाला, असे मानत नसे.

हा लेखापाल मराठी निघाला. त्याचे पणजोबा होळकरशाहीत कारकून म्हणून आले आणि कुटुंब तिथेच राहिले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली होती. घरात जपलेली जुनी मराठी आणि भोवतालची हिंदी यांचे मिश्रण तो मोठ्या गोडव्याने बोलत असे. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली म्हणून मी सुखावलो. पण तपासणीत सवलत देणार नाही, हेही मनाशी ठरवले.

सवलत मी दिली नाहीच. स्वास्थ्य शाखेच्या मस्टर रोलवर एकतीस दैनिक मजूर होते. मंजूर पदे भरलेली, परिषदेचा ठराव नाही, वरिष्ठांची अनुमती नाही. मी परिच्छेद लिहिला : सदर खर्च अनियमित असून त्याची जबाबदारी निश्चित करण्यात यावी. वाक्य नियमाला धरून होते. आजही त्यातील एक शब्द चुकीचा आहे असे मला म्हणता येणार नाही.

लेखापाल एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, गाव वाढलं, पदं नाही वाढली. झाडणारे कुठून आणायचे?’’ मी त्याला ठराव करून घेण्याचा सल्ला दिला आणि निघून आलो.

पुढच्या महिन्यांचे गोषवारे मी मुख्यालयात मागवून घेतले. ऑगस्टची अखेरची शिल्लक जुलैपेक्षा जास्त होती आणि सप्टेंबरची त्याहून जास्त. स्वास्थ्य शाखेचा खर्च घटला होता आणि ट्रॉल्यांची संख्या मात्र तेवढीच होती. कमी खर्चात तेवढेच काम! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून आनंदाची गोष्ट ती कोणती? मी फाइलवर शेरा मारला : आर्थिक शिस्तीत सुधारणा दिसून येते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा लेखापालाने चहा मागवला आणि कपाटातून एक शाळकरी वही काढली. ती कोणत्याही नियमात न बसणारी, त्याची खासगी कच्ची वही होती. पैसे आले की ते कोणाला, कोणत्या तारखेला द्यायचे, याचा क्रम तीत लिहिलेला असे. आधी कायम कर्मचाऱ्यांचे वेतन, मग डिझेल, मग मोटारींची दुरुस्ती, मग ज्याचा तगादा मोठा तो ठेकेदार. सर्वांत शेवटी दैनिक मजूर. शेवटच्या दोन पानांवर एकतीस नावे होती आणि त्यांच्यासमोर दोन महिन्यांचे रकाने कोरे.

माझा परिच्छेद आल्यावर वसुली आपल्यावर निघेल या भयाने मुख्याधिकाऱ्यांनी मस्टरच्या देयकांवर सही करणे थांबवले होते. काम थांबवा, असे मात्र कोणीच सांगितले नव्हते. पुढेमागे पैसे मिळतील आणि गैरहजर राहिलो तर नाव कटेल, म्हणून ती माणसे रोज पहाटे येत होती.

लेखापालाने गोषवाऱ्यावरील शिल्लक रकमेवर बोट ठेवले. ‘‘साहेब, आपण जिला शिल्लक म्हणता ना, ती यांची मजुरी आहे.’’

खिडकीबाहेर अंगणात एक बाई झाडत होती. तिचे नाव त्या वहीत होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. पालिकांचे हिशेब तेव्हा बहुतांशी रोकड पद्धतीने ठेवले जात. रोकडवहीत दिलेला पैसा दिसतो. द्यायचा राहिलेला पैसा दिसत नाही. त्यामुळे देणी जितकी थकवावी, तितकी अखेरची शिल्लक सुदृढ दिसते. काम झाल्याची नोंद विभागाच्या पानावर आणि पैसे न दिल्याची नोंद कुठेच नाही. ती दोन पाने शेजारी ठेवून मी वाचली असती, तर ट्रॉल्या तेवढ्याच असताना खर्च कसा घटला, हा प्रश्न मला पडला असता. मी तो उत्तर म्हणून स्वीकारला.

लिहिलेला परिच्छेद मागे घेता येत नव्हता. पण थकलेली मजुरी देय रक्कम म्हणून स्वतंत्र दाखवावी, केलेल्या कामाचा मोबदला देण्यास लेखापरीक्षेची हरकत नाही, आणि पदमंजुरीचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, असे लेखी टिपण मी त्याच दिवशी दिले. परिषदेचा ठराव झाला. पैसे मिळाले, परंतु दिवाळी होऊन चार दिवस झाल्यावर.

पुढल्याच वर्षी, २००४ मध्ये, राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. द्विनोंद पद्धती आणि उपार्जन तत्त्व, म्हणजे पैसा हाती येवो वा न येवो, हक्क आणि देणे ज्या दिवशी निर्माण झाले त्या दिवशी ते नोंदवायचे, हा तिचा गाभा. अनेकांना ती कारकुनी सुधारणा वाटली. मला त्यात ती कच्ची वही दिसली. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानांसाठी हिशेब संकेतस्थळावर उपलब्ध करण्याची अटच घातली. पद्धत बदलली तरी थकलेले देणे नोंदवायचे की नाही, हे अखेर नोंद करणाऱ्याच्या हाती असते, एवढे मात्र विसरू नये.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय नमूद केले; पाणी, सफाई, रस्ते, स्मशाने यांपासून नगरनियोजनापर्यंत. कोणते कर बसवायचे याचा अधिकार मात्र राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवला. कामे गावाची आणि पैसा दुसऱ्याच्या हातचा, ही ओढाताण त्या मासिक गोषवाऱ्यात दरमहा उतरते. तिचा ताण शेवटी रांगेत सर्वांत मागे उभा असलेल्या माणसावर येतो.

आपण मराठी माणसे नोकरीनिमित्त इंदूरला, बडोद्याला, बंगळूरला, रायपूरला राहतो. जन्मगावच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीची बातमी आवडीने वाचतो आणि जिथे मालमत्ता कर भरतो त्या शहराच्या हिशेबाबद्दल उदासीन असतो. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थेने आपला अर्थसंकल्प आणि खर्चाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असतात. ते जरूर पाहावेत. शिल्लक किती, हे पाहून थांबू नये. देणे कोणाचे आणि किती महिन्यांचे राहिले, हे विचारावे. आणि सफाईचा खर्च घटला असेल, तर पहाटे आपल्या गल्लीत झाडायला येणाऱ्याला एकदा विचारून घ्यावे, की मजुरी शेवटची कधी मिळाली.

तो लेखापाल २००५ मध्ये निवृत्त झाला. त्या वहीचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. माझ्या त्या शेऱ्याची प्रत मात्र माझ्याकडे आहे. नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवायला जातो, तेव्हा ती सोबत नेतो. ‘आर्थिक शिस्तीत सुधारणा दिसून येते.’ खाली माझी सही आहे आणि तारीखही.