सर्व्हर उठला का रे?

रिलीजच्या रात्री आमच्याकडे हा प्रश्न दर दोन मिनिटांनी कानावर येतो. प्रश्न साधा, पण मंडळी, खरं उत्तर मिळवणं साधं नाही. त्यातून सर्व्हर दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असला, की विचारूच नका.

सगळ्यात लाडका उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ६०' टाकणे. हे साठ सेकंद आले कुठून? कुणीतरी कधीतरी घड्याळ लावून बघितलेलं असतं. पुढे ॲप्लिकेशन फुगतं, साठाचे नव्वद होतात. मग स्लीप १२०! म्हणजे रोज उगाच थांबायचं आणि ज्या दिवशी १३० लागतील त्या दिवशी तोंडावर आपटायचं.

दुसरा उपाय पोर्ट बघणे. टॉमकॅटचं ८०८० जोडलं गेलं की उठला! इथे एक गंमत आहे. टॉमकॅटच्या कनेक्टरला 'बाइंडऑनइनिट' नावाचं सेटिंग असतं आणि तुम्ही हात लावला नाहीत तर ते 'ट्रू' असतं. म्हणजे पोर्ट आधी उघडतो, ॲप्लिकेशन नंतर चढतं. तोवर आलेल्या कनेक्शनला ऑपरेटिंग सिस्टीम रांगेत उभं करते. दुकानाचं शटर वर गेलं म्हणजे वडे तळून झाले, असं थोडंच आहे?

तिसरा उपाय लॉग वाचणे. 'सर्व्हर स्टार्टअप इन' अशी ओळ आली की सुटलो. पण एखादं ॲप्लिकेशन चढताना कोसळलं तरी टॉमकॅट स्वतः उठतो आणि ही ओळ इमानदारीत छापतो.

हे काहीच जमलं नाही की मग माणूस बसवतात. माझ्या आधीच्या एका कंपनीत दर शुक्रवारी रात्री नव्या पोरांपैकी एकाची पाळी असायची. एफ५ दाबत राहायचं, लॉगिनचं पान आलं की एकदा लॉगिन करून बघायचं आणि फोनवर 'उठला' सांगायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं कशासाठी, तर रात्री दोनला एफ५! मीही बऱ्याच शुक्रवारी तिथे बसलोय.

पण खरं सांगू? पद्धत त्या पोराचीच बरोबर होती. गिऱ्हाईक जे मागणार तेच तो मागत होता. फक्त ते काम माणसाचं नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच करायचं. ॲप्लिकेशनमध्येच एक छोटा पत्ता ठेवायचा, जो आतली तयारी झाल्यावरच २०० म्हणेल, एरवी ५०३. स्क्रिप्टने दर दोन सेकंदांनी तिथे विचारायचं. प्रत्येक विचारण्याला टाइमआउट हवाच, नाहीतर त्या मघाच्या रांगेत स्क्रिप्टही लटकेल. एकूण वाट बघण्यालाही हद्द हवी: पाच मिनिटांत उत्तर नाही तर बोंब मारायची. आणि हो, उत्तरात बिल्ड नंबर हवा! कारण रीस्टार्ट करताना जुना सर्व्हर अजून पुरता मेलेला नसतो. तोच 'मी ठीक आहे' म्हणतो आणि आपण खूश!

मात्र 'तयार आहेस का' आणि 'जिवंत आहेस का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कुबरनेटिसमध्ये यांना रेडिनेस आणि लाइव्हनेस म्हणतात. पहिल्याला 'नाही' आलं तर फक्त गिऱ्हाईक पाठवायचं थांबतं. दुसऱ्याला 'नाही' आलं तर थेट रीस्टार्ट. लाइव्हनेसचा मूळ हिशोब दर १० सेकंदांनी एकदा आणि सलग ३ वेळा नापास की खेळ खलास. उठायला दोन मिनिटं घेणारा बिचारा अर्ध्या मिनिटातच मारला जातो, पुन्हा उठू लागतो, पुन्हा मारला जातो... म्हणून तर २०१९ मध्ये १.१६ आवृत्तीत 'स्टार्टअप प्रोब' आला आणि २०२० च्या डिसेंबरात १.२० मध्ये तो पक्का झाला. तो पास होईपर्यंत बाकीचे दोघे गप्प बसतात. झोपेतून उठणाऱ्याला उठू द्यावं, इतकंच!

ही सगळी खटपट एका दिवसाच्या कामाची आहे. पण ती होत नाही, कारण नवीन पोराची रात्र कुणाच्याच बजेटमध्ये मोजली जात नाही. तुमच्या टीममध्ये आज रात्री कुणी एफ५ दाबत बसणार असेल, तर सोमवारी हा पत्ता तेवढा लिहून टाका. पुढच्या शुक्रवारी तो पोरगा घरी जेवेल.