दोन दोर

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहातील नववीचे विद्यार्थी-विद्यार्थिनी सांधण दरीत रॅपलिंग शिकून आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रतनगडाजवळच्या साम्रद गावापाशी सह्याद्रीच्या कातळाला पडलेली ही अरुंद भेग सुमारे २०० फूट खोल आहे. तळाशी ऊन जेमतेम पोहोचते. पावसाळ्यात तीतून पाण्याचा लोंढा वाहतो, म्हणून हिवाळाच निवडावा लागतो.

संमतिपत्रे मागविली तेव्हा एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, माझ्या आज्ज्यानं जल्मभर दोराला लोंबकळून लोकांच्या हिरीतला गाळ काढला. पोरीला शिकायला ठेवलीया, आनि तुम्ही तिला परत दोराला बांधणार व्हय?"

प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. ज्या हातांनी विहिरी खोदल्या, त्यांनाच त्या विहिरींचे पाणी निषिद्ध होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ही वेदना होती. आमच्या घराण्यांत दोर म्हणजे वेठ. मग तो मुलांच्या हाती पुन्हा का द्यावा?

उत्तर आम्हांला दरीतच मिळाले. प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या कमरेला व मांड्यांना हार्नेसचे पट्टे आवळले, हेल्मेट तपासले आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीतून दोर ओवला. खालच्या हाताची मूठ आवळली की थांबायचे, सैल केली की उतरायचे. भीती सांगते, कातळाला बिलग. पण बिलगले की पाय निसटतात. पाय फाकवून अंग मागे, पोकळीकडे झुकवावे, तेव्हाच तळवे खडकावर घट्ट बसतात. शिवाय प्रत्येकाला दुसरा दोर असतो. तो प्रशिक्षकाच्या हाती राहतो. तो कोणाला उतरवीत नाही. पहिल्या दोरावरचा हात सुटला तरच आवळतो.

त्या पालकांची मुलगी कड्यावर बराच वेळ उभी होती. "घाई नाही. नको वाटलं तर मागे फिर," प्रशिक्षक म्हणाले. तिने दुसऱ्या दोराची गाठ स्वतः चाचपली, मागे झुकली आणि एकेक पाऊल टाकीत तळाशी पोहोचली. तिच्या पणजोबांना 'नको' म्हणण्याची मुभा नव्हती आणि दुसरा दोरही नव्हता. दोन्ही दोरांतील अंतर एवढेच, आणि एवढे मोठे.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०८ साली, कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. इतिहास शिकविताना त्याचा अर्थ आम्ही आता असा सांगतो: वसतिगृह हा दुसरा दोर आहे. अभ्यास मुलांनीच करायचा, परीक्षाही त्यांनीच द्यायची. घरी आजारपण आले, हाताचे काम गेले, तर मूल शाळेतून निसटू नये एवढे पाहायचे. आपल्या संस्थेचे अनेक माजी विद्यार्थी आज आपापल्या पायांवर भक्कम उभे आहेत. पुढच्या तुकडीचा दुसरा दोर धरण्यास त्यांनी यावे, ही आमची नम्र विनंती.