डोह कोणाचा?

गळाने मासे पकडण्याचा छंद मला सेमिनरीत असताना लागला, असे सांगितले म्हणजे अनेकांना नवल वाटते. पुण्यातील त्या वर्षांत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविणारे एक वृद्ध स्विस धर्मगुरू होते. सुटीच्या दिवशी ते आम्हा दोघा-तिघा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एखाद्या तळ्याकाठी जात, बांबूच्या काठीला दोरा बांधत आणि तासन् तास पाण्याकडे पाहत बसत. त्यांच्या मायदेशातील थंड, खळाळत्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. त्याच्या आठवणी ते मोठ्या प्रेमाने सांगत. परंतु त्या आठवणींपेक्षाही त्यांचा एक नियम माझ्या मनावर अधिक ठसला. ज्या पाण्यात दुसरा कोणी गळ टाकून बसला आहे त्या पाण्यात आपण पाऊल टाकू नये, असे ते आम्हाला बजावीत. नदीकाठच्या सभ्यतेचा तो माझा पहिला धडा होता व पुढे कितीतरी वर्षे मी तो निष्ठेने जपला. तो धडा अपुरा आहे, हे कळण्यासाठी मात्र मला खानदेशात यावे लागले.

गिरणा नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि जळगाव जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीला मिळते. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. आता पावसाळा सरला म्हणजे धरणाखालच्या पात्रात पाणी दिसते ते बहुधा आवर्तन सुटेल तेव्हाच. एरवी वाळूचे रुंद पात्र आणि त्यात मधूनमधून उरलेले डोह, एवढीच उन्हाळ्यातली गिरणा. साहजिकच ज्याला पाणी हवे तो त्या डोहाशी येतो. गुरे येतात, धुणे घेऊन बाया येतात, पोहायला मुले येतात, संध्याकाळी शहरातून मोटारसायकलींवर तरुण येतात, आणि माझ्यासारखा एखादा गळ घेऊन येतो. मोठ्या वाहत्या नदीवर हीच माणसे कोसभर अंतरात पांगली असती. इथे त्या सर्वांना शंभर पावलांत एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते.

२०१६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. लागोपाठ दोन वर्षे पावसाने हुलकावणी दिली होती. एरंडोल तालुक्यातील एका गावाजवळ गिरणेचा एक डोह तेवढा शिल्लक होता. सोमवार हा माझा थोडासा मोकळा दिवस. आधीचे दोन दिवस त्या बाजूला माझे जाणे झाले होते, तेव्हा डोहाच्या एका कोपऱ्यात शेंगदाण्याची पेंड टाकून मी माशांना त्या जागेची सवय लावली होती. त्या दुपारी कणकेची गोळी गळाला लावून मी बसलो. मोराच्या पिसाची काडी पाण्यावर स्थिर उभी होती. तिने एकदा हलकेच मान हलविली, आणि त्याच क्षणी वस्तीवरच्या सात-आठ मुलांनी आरडाओरडा करीत वरच्या दरडीवरून डोहात उड्या घेतल्या. सारे पाणी गढूळ झाले.

मी उठलो व रागाने ओरडलो. प्रवचनपीठावरून बोलण्याची सवय असलेला आवाज नदीच्या पात्रात दूरवर पोहोचतो, हे मला त्या दिवशी समजले. मुले बाहेर आली. त्यांच्यातला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा अंगावरचे पाणी निथळत माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याने अहिराणीत सरळ विचारले, "फादर, हाऊ डोह काय तुमना शे का?"

मी उत्तर दिले नाही. पलीकडे जाऊन पोहा, असे हाताने दाखविले. मुले पात्रातून वरच्या अंगाला निघून गेली. पाणी हळूहळू निवळले व मी पुन्हा काडीकडे पाहत बसलो. अर्धा तास झाला असेल नसेल, तोच वरून किंकाळ्या ऐकू आल्या.

वरच्या अंगाला वाळू उपसून खोल खड्डे झाले होते. त्यात थोडे पाणी साचले होते, पण वरून पाहणाऱ्याला ते गुडघाभरच वाटे. अशा खड्ड्याची कड भुसभुशीत असते. पाय ठेवावा तो वाळू खाली सरकते व माणसाला आत ओढून नेते. मी धावत पोहोचलो तेव्हा भिल्ल समाजातील एक मध्यमवयीन मनुष्य गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता आणि आपले फेकजाळे दोरीसारखे पिळून त्याने त्या मुलाच्या हाती दिले होते. मला प्रश्न विचारणारा तोच मुलगा. तो वाचला. त्याला उलटी झाली, तो रडला आणि घरी मार बसेल म्हणून आणखी रडला. त्या मनुष्याने जाळे झटकले, माझ्याकडे व माझ्या हातातील काठीकडे पाहिले आणि तो एवढेच म्हणाला, "तठे वाळूना खड्डा शे. तुमले माहीत नव्हतं का?"

मला माहीत होते. मी त्या वाटेने अनेकदा गेलो होतो. मुलांना हाकलताना ते मला आठवले नाही, कारण त्या क्षणी मला फक्त माझी काडी दिसत होती.

त्यानंतर कित्येक महिने मी गळाला हात लावला नाही. मात्र ह्या भांडणाचा विचार माझ्या मनातून गेला नाही. जिथे मासेमारी पोटासाठी नव्हे तर विरंगुळ्यासाठी होते, तिथले लोक काय करतात, हे मी वाचू लागलो. तेव्हा आढळले की आमच्या डोहावरचे भांडण जगभर चालू आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गळवाले व होडीवाले ह्यांचा वाद पिढ्यान् पिढ्या मिटलेला नाही. गळवाला म्हणतो, मी परवान्याचे पैसे भरले, काठावरच्या हक्काचे पैसे भरले. तुझ्या वल्ह्याने मासा बुजतो, आणि उथळ पाण्यात तुझी होडी तळाला घासली तर ट्राउटने खड्यांत पुरलेली अंडी चिरडतात. होडीवाला म्हणतो, मी क्षणात पुढे निघून जातो, मागे काही ठेवीत नाही. वाहते पाणी विकत घेणारा तू कोण? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो वाद सुटत नाही. स्कॉटलंडने २००३ साली कायदा करून जमिनीवर व पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला. अमेरिकेतील मोंटाना राज्याने १९८५ साली नदीचे पात्र भरतीच्या नेहमीच्या खुणेपर्यंत लोकांना खुले केले, मग काठची जमीन कोणाचीही असो. हक्काचा प्रश्न तिथे मिटला, पण गर्दीचा उरला. तिथल्या मॅडिसन नावाच्या प्रसिद्ध ट्राउट-नदीवर उन्हाळ्यात हवा भरलेल्या रबरी चकत्यांवर बसून तरंगत जाणाऱ्यांचे थवे येतात आणि गळवाले हवालदिल होतात.

आपल्या देशात ट्राउट आला तो साहेबाच्या हौसेमुळे. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेला ट्राउट काश्मीरमध्ये रुजला. तिथे नदीचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना 'बीट' म्हणतात. परवाना काढणाऱ्याला त्या दिवसापुरते एक बीट मिळते. व्यवस्था नीटनेटकी आहे. परंतु ज्याच्याजवळ परवान्याचे पैसे नाहीत त्याची व्यवस्था कोणी करायची, ह्याचे उत्तर त्या कागदात नसते.

हे सारे वाचून झाल्यावर उत्तर मला सापडले ते घराजवळच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात एका वृद्ध शेतकऱ्यांकडे मी मुक्कामाला होतो. पांझरेच्या काठी फिरताना त्यांनी मला फड पद्धतीची ओळख करून दिली. खानदेशात ही पद्धत काही शतके चालत आली आहे. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडायचे. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे. बहुतेक शेतकऱ्यांचा प्रत्येक फडात थोडा थोडा वाटा असतो. पाणी भरपूर असेल त्या वर्षी सगळे फड भिजतात. कमी असेल त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून पडीक ठेवायचा. त्यामुळे तोटा एकट्याच्या वाट्याला येत नाही. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि देखरेखीला हवालदार, ही माणसे गावानेच नेमलेली. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी व विजेचे पंप आले, तशी ह्या पद्धतीला उतरती कळा लागली. तरी काही गावांत ती अजून टिकून आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. पिकाच्या पाण्यासाठी आमच्या पूर्वजांनी एवढा विचार केला होता. विरंगुळ्याच्या पाण्यासाठी मात्र आमच्याजवळ कोणताच पाट नव्हता आणि कोणताच पाटकरी नव्हता. मौज ही प्रत्येकाची खाजगी बाब, असे आपण मानतो. गळवाल्याला त्याची शांतता पवित्र वाटते आणि मुलांचा आनंद हा त्याला गोंगाट वाटतो. पोहणाऱ्या मुलाला त्याची उडी हाच नदीचा अर्थ वाटतो आणि काठावर मुकाट बसलेला माणूस त्याच्या दृष्टीने आळशी असतो. आपली मौज ही मौज व दुसऱ्याची ती अडचण, येथूनच भांडणाला आरंभ होतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यापूर्वी मी त्या गावी गेलो आणि सरपंचांना व वडीलधाऱ्यांना घडलेली सर्व हकीगत माझ्या दोषासह सांगितली. निंबाच्या झाडाखाली बैठक झाली. उजाडल्यापासून आठपर्यंत डोहावर गळवाल्यांनी बसावे. त्यानंतर धुणे व गुरे खालच्या अंगाला असावीत. दुपारी मुलांनी दरडीच्या बाजूला नव्हे, तर उथळ बाजूने पोहावे. आणि वाळूच्या खड्ड्यांभोवती बाभळीचे फेस लावून त्यांवर लाल फडके बांधावे, असे ठरले. सर्वांनी माना डोलावल्या. मला मोठे समाधान वाटले.

परत निघालो तेव्हा पात्रात तोच जाळेवाला भेटला. मी उत्साहाने त्याला सारे ठरलेले सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले की ह्यात त्याच्या जाळ्याची वेळ कोणती?

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याने मूल वाचविले त्यालाच आम्ही बैठकीला बोलाविले नव्हते. आम्ही सर्वांच्या करमणुकीच्या वेळा वाटून दिल्या होत्या; ज्याचे पोट त्या डोहावर होते त्याला वेळच उरली नव्हती. बैठकीतल्या कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. तो आमच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढेच.

ही चूक एकट्या आमच्याच गावाची नाही. भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाला एक्केचाळीस दरवाजे आहेत. त्याच्या जलाशयावर हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकदंब येतात, आणि ते पाहण्यासाठी दुर्बिणी व कॅमेरे घेऊन माणसे येतात. त्याच पाण्यात मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी असतात. पक्षी पाहणाऱ्याला होडी आली की पक्षी उडतील ही काळजी, आणि होडीवाल्याला जाळे रिकामे आले तर चूल कशी पेटेल ही काळजी. पक्षी राखलेच पाहिजेत. त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र ते राखण्याच्या बैठकीत होडीवाला पहिल्या रांगेत बसलेला असला पाहिजे, हे आता मला पक्के ठाऊक झाले आहे.

आमच्या गावी पुन्हा बैठक झाली. ह्या वेळी तो आला. प्रथम दूर उभा राहिला, मग आग्रह केल्यावर बसला. रात्रीपासून उजाडेपर्यंत डोह त्याच्या जाळ्याचा, आणि ज्या वर्षी पाणी फारच आटेल त्या वर्षी गळवाल्यांनी आपली वेळ त्याला सोडून द्यावी, असे ठरले. सर्वांत आधी कोणाचा फड पडीक ठेवायचा, हे आम्ही ठरविले. आणि तो माझा होता. त्याला विरोध करण्याचे मला काही कारण नव्हते.

सगळे सुरळीत चालले आहे, असे मी म्हणणार नाही. शहरातून येणारे तरुण गाण्यांचा कर्णा लावतात, बाटल्या टाकून जातात; त्यांना आमच्या निंबाखालच्या बैठकीची वार्ता नसते. पूर आला की खड्ड्यांवरची लाल फडकी वाहून जातात व ती पुन्हा बांधावी लागतात. काही वर्षे ती बांधण्याचा विसरही पडला. तरी डोहावर नवा माणूस दिसला की गावातले कोणी ना कोणी जाऊन त्याला वेळा समजावून सांगते.

तो मुलगा आता विशीत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी पहाटे गळ घेऊन गेलो होतो. आठ वाजायला आले तशी लहान मुले उथळ बाजूला येऊन थांबली, आणि त्यांच्यामागे तो उभा होता. त्यांना पोहायला शिकविण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. त्याने लांबूनच हाक मारून मला विचारले, "फादर, तुमनं व्हयनं का?" माझ्या गळाला काही लागले नव्हते. मी दोरा गुंडाळला आणि काठावरून उठलो.