परक्या पटावर

मोटारींच्या शर्यतींत मला गम्य नाही. बुलढाण्यात इंग्रजी शिकवण्यात ज्याचे केस पिकले, त्याला असावे तरी कशाला? पण माझा पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर असून त्याला या शर्यतींचे व्यसनच आहे. परवा चहाच्या वेळी त्याने विचारले, "काका, परदेशी संघाला ऑस्ट्रेलियातल्या टूरिंग मोटारींच्या शर्यतीत उतरायचे असेल, तर त्याने आधी काय करावे?"

"बोटीचे भाडे भरावे," मी म्हणालो.

तो हसला नाही. ट्रिपल एट नावाच्या इंग्रज संघाने 2003 साली काय केले, ते त्याने मला गंभीरपणे सांगितले. घरचा सारा संसार समुद्रापार न नेता त्यांनी तिथलाच एक चालता संघ विकत घेतला, आणि 2006 पासून सलग तीन वर्षे बाथर्स्टची हजार किलोमीटरांची शर्यत जिंकली! आपल्या महिंद्रांनी 2014 मध्ये विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई शर्यतीत पाऊल टाकले, तेव्हा त्यांनीही कार्लिन या इंग्रज संघाचा हात धरला होता. त्यांचा पहिला विजय 2017 साली बर्लिनला झाला. सारथी रोझेनक्विस्ट नावाचा स्वीडिश तरुण.

ज्या नावाचे ट्रॅक्टर आमच्या मेहकराकडच्या वावरांतून धुरळा उडवतात, त्या नावाची गाडी स्वीडनच्या माणसाने जर्मनीत पहिली आणावी, याचा पुतण्याला अभिमान वाटत होता. मला मात्र वडील आठवले.

वडिलांपाशी पटाची जोडी होती. पंचक्रोशीतल्या शंकरपटांत तिचा दरारा असे. एका वर्षी मराठवाड्यातल्या एका मोठ्या पटाचे बोलावणे आले. जाणत्यांनी सल्ला दिला, "जोडी न्या; पण तिथली जमीन ठाऊक असलेला तिथलाच धुरकरी घ्या." त्या रात्री वडील कंदील घेऊन गोठ्यात बसून राहिले. सकाळी म्हणाले, "बैल माझे आणि कासरा दुसऱ्याच्या हाती? मग जिंकले कोण म्हणायचे?" जोडी गेली नाही. पुढल्या वर्षी डावा बैल लंगडू लागला आणि तो विषयच संपला. पुढे 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, आणि 2023 च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. यांतले काहीच पाहायला वडील नव्हते.

त्यांचे ते वाक्य मी स्वाभिमानाचा नमुना म्हणून वर्गात कितीदा तरी सांगितले आहे. त्या दिवशी प्रथमच शंका आली. तो स्वाभिमान होता, की परक्या गर्दीसमोर हरण्याची धास्ती? शंका एवढ्यावर थांबती तर बरे होते. तरुणपणी मला पुण्याच्या एका महाविद्यालयात जागा मिळत होती. "आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कोण शिकवणार?" असे म्हणून मी ती नाकारली. वाक्य भारदस्त होते. लोकांना आवडले, मलाही आवडले. नाकारण्याच्या आदल्या रात्री मीही जागाच होतो, हे मात्र मी कोणाला सांगितले नाही.

पुतण्याचा चहा निवून गेला होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. इंग्लंडातल्या एका शर्यतीच्या कारखान्यात दोन वर्षांची उमेदवारी! म्हणजे ऑस्ट्रेलिया हे नुसते निमित्त होते.

"बाबा म्हणतात, परक्यांच्या गाड्या पुसायला एवढ्या लांब कशाला?" तो म्हणाला. "तुम्हांला काय वाटते?"

वडिलांचे वाक्य अगदी जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि विचारले, "लोकरीचा कोट आहे का तुझ्याकडे?"